पटाशी, रंधा आणि करवत : मुंबईच्या हवेत धार लावणे आणि टिकवणे

नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली कोरी पटाशी घरी येऊन सागाच्या तुकड्यावर चालवली आणि तिने तंतू कापण्याऐवजी चेमटवले, की बहुतेक जण दुकानदाराला दोष देतात. वास्तविक नवी पटाशी वापरण्याजोगी धार घेऊन येतच नाही. कारखान्यात तिला केवळ आकार मिळतो. पात्यावर गंज चढू नये म्हणून लाखेसारखा पातळ थर दिलेला असतो आणि पाठीवर यंत्राच्या घासणीचे चरे तसेच राहिलेले असतात. हे चरे थेट टोकापर्यंत जात असल्याने, उतार कितीही चकचकीत केला तरी धार खाचाखाचांचीच निघते.

धार म्हणजे दोन पृष्ठे जिथे एकमेकांना मिळतात ती रेषा. पटाशीत एक पृष्ठ सपाट असते, त्याला या लेखात पाठ म्हटले आहे. दुसरे तिरके असते, तो उतार. नवशिक्या माणसाचा सगळा वेळ उताराशी झटण्यात जातो, कारण घासल्याचा परिणाम तिथे लगेच दिसतो. माझ्या हाताखालून गेलेल्या बोथट पटाश्यांपैकी बहुतेकींचे दुखणे मात्र पाठीत होते. म्हणून या लेखाचा क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे : आधी दगड सपाट करायचा, मग पाठ, आणि उतार त्यानंतर.

दगड आणि बैठक

बाजारात सर्वांत सहज मिळतो तो कार्बोरंडमचा दुहेरी दगड, एका बाजूने जाडा आणि दुसऱ्या बाजूने बारीक. कार्बोरंडम म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. अमेरिकेत एडवर्ड अचेसन यांना ते १८९१ साली विजेच्या भट्टीत हाती लागले आणि कार्बन व कोरंडम यांचे ते संयुग असावे या समजुतीने त्यांनी त्याला हे नाव दिले. यातला कोरंडम हा शब्द दक्षिण भारतातून युरोपात गेलेला. आपल्याकडे धारेसाठी आणि झिलईसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा कुरुंद तो हाच. तेव्हा दगड कारखान्यातला असला, तरी नावाच्या उत्तरार्धात आपला जुनाच दगड बसलेला आहे.

हा दगड आकार देण्यासाठी उत्तम आहे, पण त्याची बारीक बाजूही अखेरच्या धारेसाठी जाडीच पडते. त्यापुढच्या कामासाठी १००० आणि ६००० क्रमांकाचे (क्रमांक जितका मोठा तितकी घासणी बारीक) पाण्यावर चालणारे दगड घ्यावेत. ते महाग वाटत असतील तर १० किंवा १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचा वीतभर रुंद, हातभर लांब तुकडा काचवाल्याकडून कडा घासून आणावा आणि त्यावर २२०, ४००, ८००, १२०० आणि २००० क्रमांकांचे वॉटर पेपर पाण्याने चिकटवून वापरावेत. शिकणाऱ्याने काचेपासूनच सुरुवात करावी असे मी सांगेन, कारण काच सपाट असते आणि सपाटच राहते. दगड मध्यभागी झिजून खोलगट होतो आणि खोलगट दगडावर पाठ कधीच सपाट होत नाही. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखून तो काचेवरच्या २२० च्या ओल्या कागदावर घासावा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. पाण्याच्या दगडाला हा उपचार दर दोन-तीन बैठकींनंतर लागतो, कार्बोरंडमला क्वचित.

तेल की पाणी हा वाद फार ताणण्यासारखा नाही. ज्या दगडाला एकदा तेल पाजले त्याला पुढे तेलच द्यावे. ते शिवणयंत्राचे पातळ तेल असावे; खाण्याचे किंवा जवसाचे तेल काही दिवसांनी चिकट होऊन दगडाची छिद्रे बुजवते आणि मग पाते दगडावरून नुसते घसरते.

दोन खोल्यांच्या घरात हे सगळे करायचे कुठे, हा प्रश्न खरा आहे. स्वयंपाकघराचा कडप्प्याचा ओटा उंचीला योग्य आणि पाण्याला सरावलेला असतो. दगडाखाली ओले फडके चौपदरी घालून ठेवले की तो सरकत नाही. रात्री दहानंतरही शेजाऱ्यांची तक्रार येत नाही, हा या कामाचा एक मोठा गुण. मात्र घासणीचा काळा चिखल ओट्यावर सुकू देऊ नये, अन्यथा तक्रार घरातूनच येईल.

पाठ

पटाशीवरचा लाखेचा थर थिनरने पुसून घ्यावा. काचेवर २२० चा कागद लावून पाठीचा टोकाकडचा साधारण २५ ते ३० मिलिमीटर भाग त्यावर ठेवावा, दोन बोटे धारेच्या अगदी मागे दाबावीत आणि दुसऱ्या हाताने मूठ धरून पाते आडवे मागे-पुढे चालवावे. मूठ किंचितही वर उचलली गेली तर पाठ टोकाशी गोलावते, आणि ती चूक सुधारायला पुढे तासभर जातो. म्हणून दाब नेहमी पात्यावर असावा. मूठ फक्त दिशा देते.

वीस-तीस फेऱ्यांनंतर पाते पुसून ट्यूबलाइटखाली तिरपे धरावे. जिथे कागद लागला तिथे एकसारखी करडी घासण दिसते, जिथे लागला नाही तिथे कारखान्याचे चरे चमकतात. बहुतेक पटाश्यांच्या पाठीत मध्यभागी थोडा खोलगटपणा असतो आणि तो चालतो. मात्र टोकालगतची पट्टी या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड करडी झाली पाहिजे. ती तशी होईपर्यंत पुढचा कागद घेऊ नये. त्यानंतर ४००, ८००, १२०० आणि २००० असे चढत जावे. प्रत्येक वेळी आधीच्या कागदाचे चरे पूर्ण गेले आहेत ना, हे पाहूनच पुढे सरकावे. शेवटी त्या पट्टीत ट्यूबलाइटची सरळ रेघ वाकडी न होता दिसते. एवढे काम हत्याराच्या आयुष्यात एकदाच करावे लागते.

चोरबाजारातून जुनी पटाशी घेताना हेच ध्यानात ठेवावे. जुने पोलाद कित्येकदा उत्तम असते, पण गंजाने पाठीवर धारेजवळ खड्डे पाडलेले असतील तर ते काढता काढता पात्याची जाडी संपते. मूठ फुटकी असली तरी चालेल, कारण ती बाभळीची नवी बसवता येते. खड्डे मात्र नखाने चाचपून पाहावेत, आणि ते धारेच्या पहिल्या बोटभरात असतील तर भाव कितीही पडला तरी घेऊ नये.

उतार आणि उलटी कड

उताराचा कोन कामावर ठरतो. हाताच्या दाबाने लाकूड तासण्याच्या पटाशीला २५ अंश पुरतात. मोगरीचे (लाकडी हातोड्याचे) घाव खाणारी, कुसवाचे (सांध्यात बसणाऱ्या लाकडी जिभेचे) भोक पाडणारी जाड पटाशी ३० ते ३५ अंशांवर ठेवावी, नाहीतर तिचे टोक उडते. कोनमापक नसला तरी अडत नाही. पात्याची जाडी मोजावी. उताराची लांबी जाडीच्या दुप्पट असेल तर कोन ३० अंशांचा असतो. म्हणजे ३ मिलिमीटर जाडीच्या पात्याचा उतार ६ मिलिमीटर लांब असला तर ३० अंश आणि साधारण ७ मिलिमीटर असला तर २५ अंश.

पाते ठरलेल्या कोनात धरून दगडावर चालवणारा चाकाचा गाइड वापरण्यात कमीपणा मानू नये. दोन्ही बाजूंनी पाते आवळणारा जो साधा छोटा गाइड मिळतो, त्यात पटाशीचे टोक ४० मिलिमीटर बाहेर ठेवले तर सुमारे २५ अंश आणि ३० मिलिमीटर ठेवले तर सुमारे ३० अंश मिळतात. रंध्याच्या पात्यासाठी हीच मापे ५० आणि ३८ आहेत. फळीच्या तुकड्यावर या अंतरांच्या पट्ट्या ठोकून ठेवल्या की दर वेळी मोजपट्टी शोधावी लागत नाही. हाताने धार लावणाऱ्याने पूर्ण उतार दगडावर टेकवावा, टाच (उताराची मागची कड) आणि टोक दोन्ही लागल्याची खात्री मनगटाला पटली की तिथेच मनगट घट्ट धरावे आणि हालचाल खांद्यातून करावी.

आधी उतारावर काळ्या मार्करने रंग द्यावा. चार फेऱ्यांनंतर रंग कुठे उडाला हे पाहिले की कोन बरोबर आहे की नाही ते कळते : फक्त टाचेवरचा उडाला असेल तर मूठ खाली आहे, फक्त टोकाचा उडाला असेल तर वर. आधी २५ अंशांत पूर्ण उतार घासून घ्यावा आणि अखेरची धार ३० अंशांत, टोकाच्या जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर पट्टीवर द्यावी. पुढच्या वेळी तेवढीच पट्टी घासावी लागते आणि काम पाच मिनिटांत आटोपते.

घासणे केव्हा थांबवायचे, हे सांगणारी खूण एकच. उतार टोकापर्यंत घासला गेला की पोलादाची अतिशय बारीक कड पाठीच्या बाजूला उलटते. डोळ्यांना ती सहसा दिसत नाही, अंगठ्याला कळते. अंगठ्याचे पेर पाठीवरून धारेकडे आणि धारेबाहेर सरकवावे (धारेच्या लांबीवरून कधीही नाही). सुटता सुटता नखाला अडकावे तसे काहीतरी खरखरले तर ती उलटी कड. ती डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत सलग लागली पाहिजे. मध्येच तुटत असेल तर तेवढ्या जागी उतार अजून टोकाला पोहोचलेला नाही आणि बारीक दगडाकडे जाण्याची वेळ झालेली नाही. बहुतेकांची धार इथेच फसते, कारण कंटाळा याच टप्प्यावर येतो.

कड सलग लागली की १००० वरून ६००० च्या दगडावर यावे आणि दहा-बारा फेऱ्यांनंतर पाते पालटून पाठ पूर्ण सपाट टेकवून दोन-तीन हलक्या फेऱ्या द्याव्यात. कड पुन्हा उताराकडे वळते. मग उतार, मग पाठ, असे दाब कमी करत करत चार-पाच वेळा केले की ती गळून पडते. शेवटी फळीवर चिकटवलेल्या चामड्याच्या पट्ट्याला हिरवे पॉलिश चोळून त्यावरून पाते मागच्या दिशेने ओढावे. न्हावी वस्तरा पट्ट्यावर मारतो तसे झटके मात्र देऊ नयेत. चामडे दबते आणि धार गोलावते.

परीक्षा कागदावर घेण्यात अर्थ नाही, कारण अर्धवट धारही कागद कापते. खोक्याच्या मऊ पाइनचा तुकडा घ्यावा आणि त्याच्या आडव्या कापावर, म्हणजे जिथे तंतूंची टोके दिसतात तिथे, हाताच्या दाबाने पातळ पापुद्रा काढून पाहावा. कापलेली जागा गुळगुळीत आणि किंचित गडद दिसली तर धार लागली. पांढुरकी आणि भुसभुशीत दिसली तर तंतू तुटले आहेत, कापले गेलेले नाहीत.

ग्राइंडरबद्दल

पाते कोपऱ्यात फुटले असेल तर ग्राइंडरचा मोह होतो. मीही एकदा चांगली जुनी पटाशी फुटपाथवरच्या एका धारवाल्याला दिली. त्याने अर्ध्या मिनिटात ठिणग्या उडवून ती परत केली तेव्हा टोकाला बोटभर निळसर झाक होती. सुतार याला हत्याराचे पाणी उतरले म्हणतात. साधे कार्बनी पोलाद २२० अंश सेल्सिअसच्या आसपास फिके पिवळे पडते आणि ३०० च्या जवळ निळे. निळे झालेले टोक मऊ पडलेले असते, त्याला लावलेली धार दोन घावांत वळते. तेवढा भाग घासून टाकण्यात माझे दोन रविवार गेले. ग्राइंडर वापरायचाच तर पाते बोटांनी टोकाजवळ धरावे आणि बोटाला ऊन लागले की लगेच पाण्यात बुडवावे. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांची धार त्या चाकावर निभते, पटाशीची निभत नाही.

रंधा

रंध्याच्या पात्याला पटाशीचीच रीत लागू पडते, फरक दोन. अखेरची सफाई करणाऱ्या रंध्याच्या पात्याचे दोन्ही कोपरे किंचित गोल करावेत, म्हणजे लाकडावर पायऱ्यांसारख्या रेघा उठत नाहीत. आणि पात्यावर स्क्रूने आवळलेल्या दुसऱ्या पट्टीची कड पात्याच्या पाठीला अखंड टेकली पाहिजे. दोन्ही आवळून उजेडासमोर धरावीत. फटीतून उजेड दिसला तर त्या फटीत पापुद्रे अडकून रंधा तुंबतो, म्हणून पट्टीची खालची कड काचेवर घासून सपाट करावी. सफाईच्या कामात ही पट्टी धारेपासून अर्धा ते एक मिलिमीटर मागे ठेवावी.

लाकडी रंध्याचा ठोकळा पावसाळ्यात फुगतो. पाते धरून ठेवणारी पाचर ठोकून आवळलेली तशीच ठेवली तर जुलैत ती निघता निघत नाही, म्हणून काम संपल्यावर ठोकळ्याच्या मागच्या टोकावर मोगरीचे दोन ठोके देऊन पाते सैल करून ठेवावे. ऑक्टोबरात ठोकळ्याचा तळ सपाट आहे का हे पाहून, नसेल तर काचेवरच्या जाड्या कागदावर घासून घ्यावा. घासताना पाते आत ओढलेले आणि पाचर आवळलेली असावी, कारण आवळल्यावर तळाचा आकार बदलतो.

मुंबईत आज बहुतेक काम प्लायवूडचे आणि सनमाइकाचे. सनमाइकाची कड रंध्याने मारली की चांगली धार काही मिनिटांत जाते. प्लायवूडमधला सुकलेला गोंदही तेच करतो. सागातही सिलिका असल्यामुळे तो दिसतो तितका धारेला मवाळ नाही. सनमाइका आणि प्लायवूडसाठी एक जुने पाते वेगळे ठेवून त्यावर खूण करावी आणि सनमाइकाला दुसरे पाते लावू नये.

करवत

आधी दात पाहावेत. टोकांना काळपट-निळसर झाक असेल तर ते दात कारखान्यात कठीण केलेले आहेत. त्यांच्यावर कानस घसरते आणि कानसच खराब होते. अशी करवत बोथट झाली की बदलावी लागते. बाकीच्या करवतींना धार देता येते आणि द्यावी. आपल्याकडच्या जुन्या करवतींचे दात मुठीकडे झुकलेले, म्हणजे ओढताना कापणारे असतात. बाजारातल्या बहुतेक नव्या करवती ढकलताना कापतात. रीत दोन्हींची एकच.

करवत दोन फळ्यांमध्ये दाबून व्हाइसमध्ये अशी आवळावी की दात जेमतेम बाहेर राहतील, नाहीतर पाते थरथरते आणि कानस किंचाळते. सपाट कानस दातांच्या टोकांवरून लांबीच्या दिशेने हलकेच फिरवावी, जोपर्यंत प्रत्येक दाताच्या टोकावर चमकणारा ठिपका दिसत नाही. याने सगळे दात एका उंचीला येतात. नंतर दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवावेत, दाताचा वरचा अर्धाच भाग वाकेल अशा बेताने. हा फाकवा हवा असतो कारण त्यामुळे काप पात्यापेक्षा रुंद पडतो आणि करवत अडकत नाही. ओल्या लाकडाला तो थोडा जास्त, सुक्या सागाला कमी लागतो.

आता तिधारी कानस. तंतूंच्या दिशेने चिरणाऱ्या करवतीला कानस पात्याशी काटकोनात धरावी. तंतू आडवे कापणाऱ्या करवतीला ती पात्याशी ६० ते ६५ अंशांत तिरकी धरावी, म्हणजे प्रत्येक दात सुरीच्या टोकासारखा होतो. एकाआड एक खाचांवर आधी खडूची खूण करावी, त्या सगळ्या एका बाजूने घासाव्यात, मग करवत फिरवून उरलेल्या. प्रत्येक खाचेत फेऱ्या मोजून सारख्याच द्याव्यात, कानस फक्त पुढे जाताना दाबावी आणि परत आणताना उचलावी. टोकावरचा तो चमकता ठिपका अर्धा झाला की त्या फेरीत थांबावे. उरलेला अर्धा दुसऱ्या बाजूच्या फेरीत जातो.

वाकसाचा (दांड्याला आडवे पाते असलेल्या, लाकूड तासण्याच्या हत्याराचा) उतार दांड्याकडच्या बाजूला असल्यामुळे वाकस दगडावर नेण्याऐवजी छोटा दगडच वाकसावर फिरवावा. गिरमिटाच्या (हाताने फिरवून भोक पाडण्याच्या हत्याराच्या) टोकाचे पाते फक्त आतून घासावे. बाहेरून घासले तर त्याचा घेर कमी होतो आणि पाडलेल्या भोकात त्याचाच दांडा अडकतो.

गंज

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते आणि समुद्राकाठच्या वस्त्यांत तिच्या जोडीला खारी हवा येते. हाताचा घामही क्षारयुक्त. पावसाळ्यात पात्यावर उमटलेले बोटाचे ठसे दुसऱ्या दिवशी तांबूस होऊन उठतात. काम संपल्यावर पाते कोरडे पुसून मशीनच्या तेलात भिजवलेल्या फडक्याचा एक हात फिरवावा. तेल इतके पातळ लागावे की बोट ओढले तर रेघ उमटावी, थेंब जमू नये. ते फडके झाकणाच्या डब्यात ठेवले तर महिनोन्‌महिने पुरते. चामड्याच्या म्यानात पटाश्या ठेवू नयेत. चामडे हवेतला ओलावा धरून ठेवते. कापडाच्या गुंडाळीत तेलकट कागद घालून, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत सिलिका जेलच्या पिशव्यांसह ठेवावे आणि पावसाळ्यात दर आठ दिवसांनी पेटी उघडून पाहावी. न्हाणीघराच्या भिंतीला लागून पेटी ठेवू नये, ही चूक लहान घरांत फार होते.

हलका तांबूस गंज तेल आणि बारीक वॉटर पेपरने निघतो. खोल बसलेल्यासाठी मूठ काढून पाते पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवावे, सकाळी तारेच्या ब्रशने घासावे, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारावे, ताबडतोब कोरडे करून तेल लावावे. मधल्या पायरीला आळस केला तर दुपारपर्यंत नवा गंज येतो.

खंडेनवमीला हत्यारे पुजण्याची चाल आहे, आणि वर्षातून एकदा सगळी पेटी रिकामी करून प्रत्येक पाते हाताळण्याचे ते चांगले निमित्त आहे. मात्र ओल्या हळदकुंकवाचे बोट पोलादावर तसेच राहिले तर त्याखाली गोल गंजाचा डाग पडतो; माझ्या रुंद पटाशीच्या पाठीवर असा एक डाग अजून आहे. आता मी हळदकुंकू मुठीला लावतो, फुले पात्यावर ठेवत नाही, आणि दसऱ्याच्या सकाळी हत्यार उचलले की पहिल्यांदा तेलाचे फडके फिरवतो.